शब्दचर्चा : लीन, नम्र, दीन आणि ‘कमीपणा घेणे’ (बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या गावावरून)

प्रश्न (धुळे) : चर्चमध्ये ‘लीनता’ सारखी कानावर पडते, पण घरात-बाजारात हा शब्द कोणी बोलत नाही. नम्रता आणि लीनता एकच का? रोजच्या वागण्यात ख्रिस्ती अर्थाला कोणता शब्द बसेल?

अमळनेर : नम्रपणा बोलण्या-वागण्यात दिसतो, लीनता मनाची असते. बायबलात मत्तय 11:29 मध्ये येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणवतो. तिथे लीनसाठी मूळ ग्रीक शब्द ‘तापेइनोस’, म्हणजे खालचा, सखल. ग्रीकांत तो बहुधा हिणवायलाच वापरत. ‘दीन’ वेगळा. मत्तय 5:3 मधला ‘आत्म्याने दीन’ माणूस देवापुढे रिकाम्या हाताने उभा आहे. माणसांपुढे तसं उभं राहिलं की आपण त्याला लाचारी म्हणतो. ‘विनम्र’ तर फ्लेक्सवाल्यांनी नेला. ‘विनम्र अभिवादन’ लिहायचं आणि फोटो स्वतःचाच मोठा.

नंदुरबार : बोलीतला शब्द आहेच की, ‘कमीपणा घेणे’. फक्त क्रियापद सांभाळा. कमीपणा घेतला तर लीनता; कमीपणा वाटला तर मानापमान. लग्नात टोपी-टॉवेल द्यायचा राहिला म्हणून रुसणाऱ्याला कमीपणा वाटलेला असतो. लूक 14:10 शेवटच्या जागी बसायला सांगतो, पण मागे बसून ‘पुढे या’ म्हणणाऱ्याची वाट बघणं हाही मानपानच. त्यापेक्षा पंगतीत वरणाची बादली उचलावी. वाढप्याला कोणी मानाच्या खुर्चीवर बोलवत नाही.

धुळे : आणि माफी मागताना? ‘काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा’ चालेल?

अमळनेर : निरोप घेताना चालेल, माफी म्हणून नाही. ‘असेल तर’ म्हटलं की चूक शोधायचं काम समोरच्यावर पडतं. काय केलं ते नाव घेऊन सांगा : ‘परवाच्या बैठकीत मी तुम्हाला खोटं पाडलं. माझं चुकलं.’ इथे थांबा. पुढे ‘पण तुम्हीही…’ आलं की माफीची फिर्याद होते. आधी एकट्याने घरी जाऊन भेटा. चूक चारचौघांत झाली असेल तर नंतर त्याच चारचौघांत कबूल करा, नाहीतर त्या माणसाचं गेलेलं नाव परत येत नाही. पैशाचं नुकसान असेल तर भरून द्या. जकातदार जक्कयाने चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं (लूक 19:8). ‘केलं ना माफ?’ असं लगेच विचारू नका, त्याला वेळ लागू शकतो. आणि हे दान देण्याआधी, असा क्रम मत्तय 5:23-24 मध्ये आहे.

नवापूर : खरी परीक्षा खालच्या मानलेल्या माणसापाशी होते. पाळकसाहेबांपुढे वाकणं सोपं. वयाने मोठ्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, अरे-तुरे न करणं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेलं साल, म्हणजे वर्षाची मजुरी, पुढे कापाकापी न करता देणं, पोराबाळांसमोर त्याला न रागावणं, हे अवघड. त्याची माफी मागताना आणखी एक अडचण येते : तो ‘जाऊ द्या मालक’ म्हणणारच, कारण त्याला दुसरं काही म्हणायची सोय नाही. म्हणून तिथे शब्दांपेक्षा हिशेब आधी नीट करावा.

नंदुरबार : याच कारणाने ‘लीन राहा’ हा आज्ञार्थ जपून वापरावा. मार खाणाऱ्या सुनेला किंवा मजुरी बुडालेल्या माणसाला तो सांगितला की शब्दाचा अर्थच उलटतो. येशूने पाय धुतले ते गुरू असून (योहान 13), शिष्यांना धुवायला लावले नाहीत. मजुरी अडवणाऱ्याला याकोब 5:4 सरळ दटावतं, तिथे मजुराला गप्प बसायला सांगितलेलं नाही.

धुळे : मग ‘नमतं घेणे’?

अमळनेर : भांडण मिटवायला ठीक. पण नमतं घेणारा मनात हिशेब ठेवू शकतो, ‘यावेळी मी घेतलं, पुढच्या वेळी तू’. लीनतेत ती उधारी नसते. शिवाय स्वतःची चूक नसतानाही नमतं घेता येतं. चूक स्वतःची असेल तर अहिराणीत सरळ ‘मन्हं चुकनं’ म्हणा.