क्रूझची तयारी: सामान, केबिन, कागदपत्रं... तुमचे अनुभव लिहा

विमान आणि हॉटेलच्या सहलीची तयारी क्रूझला पुरत नाही, असं माझं पक्कं मत झालंय. एरवी विसरलेली वस्तू बाहेर पडून विकत घेता येते. जहाज सुटलं की पुढचं बंदर येईपर्यंत जवळ असेल तेवढंच. त्यात या प्रवासात सामान दोनदा आपल्या हातातून जातं, चढताना आणि उतरायच्या आदल्या रात्री. पॅकिंगच्या याद्या ढीगभर मिळतात, म्हणून नुसती यादी नको. कुठली गोष्ट कधी आणि का कामी आली, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात. त्या तपासून केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते, आणि केबिनही बहुधा दुपारनंतरच उघडते. आईला इन्सुलिन लागतं. पेन, सुया, ग्लुकोमीटर, डॉक्टरांचं पत्र, मूळ पाकिटातल्या गोळ्या हे सगळं माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होतं. दुपारच्या जेवणाआधी तिने भोजनगृहाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून शांतपणे इंजेक्शन घेतलं. मोठी बॅग आली ती रात्री आम्ही जेवून परतल्यावर. इन्सुलिनवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. केबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा पेयं गार ठेवण्यापुरताच असतो. औषधासाठी वेगळा फ्रिज हवा असेल तर बुकिंगनंतर लगेच कंपनीला लेखी कळवा.

* * *

खांद्यावरच्या त्या बॅगेत पोहण्याचे कपडेही टाका. पहिल्या दुपारी बहुतेक लोक बॅगेची वाट बघत असतात आणि तलाव जवळजवळ मोकळा असतो. आमची मुलं त्या दिवशी पाण्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती.

* * *

माझ्या बायकोला बोट लागते, म्हणून आम्ही केबिन निवडण्यातच सगळ्यात जास्त वेळ घातला, आणि तो सत्कारणी लागला. सी-सॉच्या टोकावरचं मूल वरखाली होतं, मधलं फारसं हलत नाही, जहाजाचंही तसंच. लांबीच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन सगळ्यात कमी हलते. पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची बाल्कनी चित्रात सुरेख दिसते, पण खवळलेल्या समुद्रात तिथेच सगळ्यात जास्त त्रास होतो. स्टॅबिलायझर, म्हणजे पाण्याखाली जहाजाच्या दोन्ही बाजूंना असलेले पंखांसारखे भाग, जहाजाचं डावं-उजवं झुलणं कमी करतात, नाकाचं वरखाली होणं मात्र त्यांना फारसं आवरत नाही.

डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर शांत झोप लागते. वर तलावाचा डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो.

बोट लागू नये म्हणूनची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. कानामागे लावायचा स्कोपोलामिन या मळमळीवरच्या औषधाचा पॅच ३ दिवस चालतो, पण तोही काही तास आधी लावायचा असतो, आणि काचबिंदू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. मळमळायला लागलं की केबिनमध्ये पडून राहू नका. उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. बायकोला त्यानेच उतार पडायचा.

* * *

पेशाने नर्स आहे, म्हणून थोडी भर. जहाजावर नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, झपाट्याने पसरतो आणि त्याच्यावर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही. साबणाने, वाहत्या पाण्याखाली हात धुवा, विशेषतः बुफेचा सार्वजनिक चमचा हातात घेतल्यानंतर, जेवायला बसण्याआधी. गरोदर असाल तर तारखा नीट मोजा. प्रवास संपेपर्यंत २४वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. बाळ साधारण ६ महिन्यांचं तरी हवं, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना बऱ्याचदा १२ महिन्यांचं. विमा घेताना जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचूनच सही करा. जहाजावरचा दवाखाना प्राथमिक उपचारांपुरता चांगला असतो, पण बिल आपल्या खात्यावर पडतं.

* * *

कागदपत्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या सफरीत ग्रीसची बेटं होती आणि मध्येच तुर्कस्तानातलं कुशादासी. ज्यांना शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो त्यांच्यासाठी ही मेख आहे. कुशादासीला गेलं की शेंगेनबाहेर पडलात, परत ग्रीसला आलात की दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे चालत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी बंदरं ज्या क्रमाने येतात तो क्रम कागदावर लिहून काढा.

दुसरं म्हणजे वेळ. बंदरावर फोन आपोआप तिथली वेळ धरतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेने चालतं. साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून मनगटावर ठेवा. परतायची वेळ सुटण्याच्या अर्धा तास तरी आधीची असते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. रोजच्या पत्रकावर त्या बंदरातल्या जहाज कंपनीच्या एजंटचा फोन नंबर असतो. उतरताना त्याचा फोटो काढून घ्या आणि पासपोर्टची प्रत खिशात असू द्या.

* * *

भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक न्या. ओले कपडे, टोप्या, कार्डं सगळं भिंतीवर जातं आणि चिमुकली केबिन मोकळी होते. सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, किटली, मेणबत्त्या नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. जहाज सुटताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो समुद्रावरचं उपग्रहाचं महागडं नेटवर्क पकडतो.

* * *

बार्बेडोस किंवा जमैका मार्गावर असेल तर लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवा, मुलांचेसुद्धा. तिथे नागरिकांनी ते घालायला कायद्याने बंदी आहे.

* * *

माझे वडील व्हीलचेअर वापरतात. ग्रीसच्या सांतोरिनी बेटाला जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. बोट आणि जहाजाच्या फळीमधली फट लाटेबरोबर रुंदावते, अरुंद होते. खलाशी दोन्ही बाजूंनी माणसाचे दंड धरतात आणि बोट वर आली की ‘आता’ म्हणतात. ज्याला ते एक पाऊल टाकता येत नाही त्याला जाता येत नाही. आम्हाला हे आधीच माहीत होतं. त्यामुळे बाबांसोबत मी जहाजावरच थांबलो आणि वरच्या डेकवरून दोघांनी कड्यावरचं पांढरं गाव मनसोक्त पाहिलं. कार्यक्रमात ‘टेंडर’ असा शब्द कुठल्या बंदरापुढे आहे, ते बुकिंगआधी बघाच. व्हीलचेअर आत फिरेल अशा केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात.

* * *

सुरक्षेच्या कवायतीला कंटाळू नका, ही माझी कळकळीची विनंती. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून ३२ जण गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हावी लागते. संकटात आपण जमायचं ठिकाण कळलं की केबिनपासून तिथपर्यंत एकदा जिन्याने चालत जा. लहान मुलांना त्यांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारा.

* * *

उतरायच्या आदल्या रात्रीबद्दल लिहायचं राहिलंय. मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, रात्रीतून त्या खाली जातात आणि सकाळी थेट बंदरावर मिळतात. म्हणून आम्ही बॅग बंद करण्याआधी प्रत्येकाचे सकाळचे कपडे, चपला आणि दात घासायचं सामान पलंगावर मांडतो आणि मोजतो. पासपोर्ट, औषधं, चष्मा हातातल्या बॅगेत. खोलीतली तिजोरी उघडून बघतो आणि तिचं दार उघडंच ठेवतो. खात्याचं बिलही त्याच रात्री ओळीओळीने वाचा. टिपची रक्कम बऱ्याच जहाजांवर माणशी, दररोज अशी आपोआप चढते. काही चुकलं असेल तर रात्रीच रिसेप्शनला जा, सकाळी तिथे मोठी रांग लागते.