नोकरी सोडून पटकथालेखन: आधी विमा आणि करार

भावाला आयटीतली नोकरी सोडून पटकथा लिहायच्यात आणि आईबाबा ठाम नाही म्हणताहेत, असा प्रश्न इथे कुणीतरी विचारलाय; त्यावर बऱ्याच जणांनी 'मनाचं ऐक' असं लिहिलंय. पण आईबाबांचा विरोध बहुधा लेखनाला नसतो, धास्ती असते ती दवाखान्याची आणि हप्त्यांची. तिथूनच सुरुवात करा.

कंपनीने काढलेला आरोग्याचा गटविमा नोकरीबरोबर संपतो. त्यात आईबाबा असतील तर त्यांचंही कवच जातं, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वेळेत बदली मागितली तर आधीचा काळ धरला जातो. हे राजीनाम्याआधी करायचं. पीएफला हात लावू नये; सलग 5 वर्षं सेवा नसेल तर काढलेली रक्कम करपात्र ठरते.

शिल्लक वर्षभराच्या घरखर्चाची हवी, सहा महिन्यांची कमी पडते. कारण मानधन कथा, पटकथा, संवाद अशा टप्प्यांत येतं आणि शेवटचा हप्ता हमखास अडकतो. तो 'प्रदर्शनानंतर' नको, 'मसुदा दिल्यापासून अमुक दिवसांत' असं करारात लिहून घ्यावं. लेखनाचे हक्क निर्मात्याला किती काळासाठी दिले हे करारात लिहिलं नसेल, तर 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते 5 वर्षांसाठीच दिले असं धरतात. 'कायमस्वरूपी' लिहिलं असेल तर ही मर्यादा लागत नाही, म्हणून तो शब्द करारात कुठे आहे ते सहीआधी शोधाच. कथा कुणाला ऐकवण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवावी.

आईबाबांसमोर हे सगळं एका कागदावर मांडा, बचतीच्या आकड्यासकट.