फुकट आहे म्हणून सापडतं असं नाही

कोपरखळी
काल तर्रीबाज यांनी लिहिलं, "गणित-विज्ञान सगळं नेटवर फुकट पडलंय. तरी क्लासला पैसे ओतणारे आईबाप येडे आणि पोरं आळशी." डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

माझी मुलगी सहावीत. अपूर्णांकांची बेरीज जमेना. मी घरी येते आठ वाजता. फोन हातात दिला, म्हटलं शोध. पहिला दिसला तो व्हिडिओ तिने पाहिला. '५ सेकंदांत उत्तर!', मागे ढिंच्याक संगीत. तिरका गुणाकार करा, बेरीज वर लिहा, छेदांचा गुणाकार खाली. उत्तरं बरोबर यायला लागली, मीही खूश. पुढच्या आठवड्यात अपूर्णांकांचा गुणाकार आला, तर बाईसाहेबांनी तिथेही तेच केलं. एक द्वितीयांश गुणिले एक तृतीयांश, उत्तर पाच षष्ठांश! म्हटलं, अगं, अर्ध्या भाकरीचा तिसरा भाग अर्ध्या भाकरीपेक्षा मोठा कसा होईल? तर म्हणे, व्हिडिओत भाकरी नव्हती.

बालभारतीच्या पीडीएफ आहेत, एनसीईआरटीच्या आहेत, खान अकॅडमी आहे. माहितीये हो. आधी काय बघायचं, नंतर काय, आणि काय अजिबात बघायचं नाही, हे सांगणारं माणूस कुठून डाउनलोड करू?

तर्रीबाज
तुमच्या मुलीला आळशी म्हटलेलं नाही. मी झेडपीच्या शाळेतला. इंजिनिअरिंगला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, दोनदा केटी लागली, तिसऱ्यांदा एनपीटीईएलची नेटवरची लेक्चरं बघून सुटलो. शिकवणारे आयआयटीचे प्राध्यापक, खर्च शून्य. उलट धाकट्या भावाच्या क्लासने दोन वर्षांची फी आगाऊ घेतली, आणि फिजिक्सचे सर दिवाळीला गावी गेले ते आलेच नाहीत. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं. मग येडं कोण?

कोपरखळी
तुम्ही तेव्हा वीस वर्षांचे होतात. ती अकराची आहे.

सेवानिवृत्त_मास्तर
दोघांचंही अर्धं चूक. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची साइट कुणी उघडलीत का? पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण या मुलांच्या विज्ञान केंद्रात ते होते तेव्हापासून बघतो आहे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या, एवढ्यावर मी त्रिकोण शिकवला. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. मग पूल बघायला नेलं की पोरं आपणहून त्रिकोण मोजतात. मराठीतूनही व्हिडिओ आहेत. पण मराठीत शोधतो कोण? गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमीने वाट लावली. लसावि म्हटलं की पोरं तोंडाकडे बघतात.

उंबरठा
मास्तर, सेमीवर राग समजतो, पण भोगलंय आम्ही. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, ९१ टक्के. अकरावी सायन्सला सर 'ॲक्सिलरेशन' म्हणाले. मला त्वरण येत होतं, गणितं येत होती, पण हे तेच आहे हे कळायला आठवडा गेला. तोवर वर्गात मी ढ ठरले होते. शेवटी बालभारतीचं दहावीचं विज्ञान मराठी आणि इंग्रजी, दोन्ही पीडीएफ शेजारी शेजारी उघडल्या. धडा तोच, आकृती तीच. शब्दाला शब्द लावत गेले. हा उपाय मला कुणी सांगितला नव्हता.

सोलापुरी_चादर
शब्दांचं काय घेऊन बसलात, आकड्यांचाच घोळ आहे. त्रेसष्ट बोलताना तीन आधी, लिहिताना सहा आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आणलं तर केवढा गदारोळ. आमच्याकडे कानडी पोरं 'इप्पत्तमूरु' म्हणतात, सरळ वीस-तीन. त्यांचं कमी चुकतं.

सेवानिवृत्त_मास्तर
आता हे नको. सत्तेचाळीस, त्र्याण्णव हा आपला ठेवा आहे. उद्या 'पावणेदोन' काढाल, साडेतीनचा पाढा, 'औटकी', तर कधीच गेली.

सोलापुरी_चादर
ठेवा कपाटात ठेवा. मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख होत्या. त्या गणितज्ञ, तुम्ही-आम्ही कोण? जोडाक्षरांनी मुलं आकड्यांना बिचकतात, एवढंच बाई सांगत होत्या.

राईनकाठी
जर्मनीतही तेवीसला 'तीन-आणि-वीस'च म्हणतात. इथे काही अडलेलं दिसत नाही.

सोलापुरी_चादर
आले परदेशातून. तुमच्या जर्मनीत ६९ ला एकोणसत्तर म्हणतात का? म्हणजे सत्तरला एक कमी? आमची पोरं ऐकतात सत्तर आणि लिहितात ७९.

राईनकाठी
…हे मात्र खरं. माझ्या मुलाचं मराठी नेमकं एकोणतीसपाशी अडलंय. घ्या, दिला मुद्दा.

सेवानिवृत्त_मास्तर
दोन पिढ्या एकोणतीस म्हणत मोठ्या झाल्या, हिशोब तोंडी करत होत्या. तुमच्या पोरांना कॅल्क्युलेटर लागतो. बोलण्यात अर्थ नाही.

कोपरखळी
अहो, माझ्या भाकरीचं काय झालं?

उंबरठा
ताई, 'फेट' (PhET) या साइटवर अपूर्णांकांचं सिम्युलेशन आहे, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचा प्रयोग. साइट कोलोरॅडो विद्यापीठाची. नोबेलवाल्या कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली. बरीचशी सिम्युलेशनं मराठीतही आहेत, जाहिराती नाहीत, ढिंच्याक नाही. केकचे तुकडे ओढून भरायचे. पण पहिल्या दिवशी शेजारी बसा, नाहीतर नुसता खेळ होतो.

तर्रीबाज
म्हणजे फुकटच निघालं ना शेवटी? 'आळशी' शब्द मागे घेतो. 'येडे' नाही.

कोपरखळी
ठेवा तुमच्यापाशी. काल बसलो दोघी. केक दहा मिनिटांत संपला, मग तिला त्यातच बॅटरी-बल्बचं सापडलं. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर आग लागते. अकरापर्यंत नुसती आग लावत होती. आज सकाळी विचारते, खऱ्या सेलला लावून बघू का?

सेवानिवृत्त_मास्तर
टॉर्चचा एकच सेल द्या, मोबाइलची बॅटरी नाही. तार क्षणभरच टेकवू द्या, चटका बसतो. आणि तुम्ही शेजारी बसा.