पहिला ईसीजी नॉर्मल, तरीही रुग्णाला थांबवून घ्यावे का?

सातपूरकर: मागच्या महिन्यात रात्रपाळीहून परतताना मोठ्या भावाच्या छातीत दडपण आले, म्हणून आम्ही त्याला अर्ध्या तासाच्या आत नाशिकमधील एका रुग्णालयात नेले. ईसीजी नॉर्मल, रक्तातील ट्रोपोनिनची तपासणीही नॉर्मल. तरीही तीन तास थांबवून दोन्ही तपासण्या पुन्हा केल्या आणि त्याही नॉर्मलच निघाल्या. माझ्या मते ही केवळ बिल फुगवण्याची सोय आहे.

पंचवटीचा डॉक्टर: बिलाविषयीची शंका मी हसण्यावारी नेणार नाही, परंतु आपण अर्ध्या तासात पोहोचलात, यातच उत्तर आहे. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन असून ते वाढलेले दिसण्यास काही तास लागू शकतात, त्यामुळे इतक्या लवकर घेतलेल्या नमुन्यावर विसंबून कोणालाही घरी पाठवता येत नाही. ईसीजीही त्या क्षणापुरताच बोलतो. मात्र त्यात एसटी रेषा (आलेखातला एक ठरावीक भाग) ठळकपणे उंचावलेली दिसली, तर ट्रोपोनिनसाठी एक मिनिटही न थांबता बंद रक्तवाहिनी उघडण्याच्या तयारीला लागावे लागते.

सुरगाणेकर: डॉक्टरसाहेब, तत्त्व मान्य, पण सरसकट तीन तास मान्य नाहीत. आमच्याकडचा माणूस घाट ओलांडून नाशिकला पोहोचेपर्यंत दुखणे सुरू होऊन पाच-सहा तास उलटलेले असतात; अशा वेळी अतिसंवेदनशील चाचणीत ट्रोपोनिन अगदीच कमी आले, ईसीजी स्वच्छ असला आणि हार्ट स्कोअर (हृदयाचा धोका गुणांत मोजण्याची पद्धत) 0 ते 3 मध्ये, म्हणजे कमी धोक्यात, बसला, तर एका नमुन्यावरही निर्णय होऊ शकतो. खरी हयगय आधीच होते. माझ्या मधुमेही मावशीच्या छातीत दुखतच नव्हते, नुसता दरदरून घाम आणि मळमळ. केसपेपर आणि डिपॉझिट होईपर्यंत चाळीस मिनिटे ती बाकावर बसून होती. ईसीजी पोहोचल्यापासून 10 मिनिटांत निघायला हवा ना?

पंचवटीचा डॉक्टर: निघायलाच हवा, केसपेपर नंतर. वेळेचा आपला मुद्दाही बरोबर आहे, फक्त ती अतिसंवेदनशील चाचणी सगळीकडे उपलब्ध नसते. आणि दुखणे नेमके कधी सुरू झाले, हे ‘गॅस असेल’ म्हणून रात्रभर सोडा पीत बसलेला रुग्ण क्वचितच नीट सांगतो.

सातपूरकर: दुसऱ्या ट्रोपोनिनबद्दलचा आक्षेप मी मागे घेतो. परंतु त्या तीन तासांसाठी आयसीयूचे शुल्क लावले, ते अजूनही पटत नाही. मॉनिटर तर कॅज्युअल्टीतल्या खाटेलाही होता.