एकदाच भरलेली स्पर्धा: तिला वजन किती द्यावे?

धागाकर्ता
ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतीला दोनशे वर्षे पूर्ण झाली म्हणून १९८८च्या अखेरीस रॉयल मेलबर्नच्या मैदानावर ‘बायसेंटेनियल क्लासिक’ ही व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवण्यात आली. यजमान देशाच्या रॉजर डेव्हिसने अमेरिकेच्या फ्रेड कपल्सला प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक खेळात, हरवले आणि तिथेच ती स्पर्धा संपली. पुन्हा कधी भरली नाही. १९०४पासून चालत आलेली गोल्फचीच ऑस्ट्रेलियन ओपन हाताशी असताना हा वेगळा मांडव कशासाठी घातला, हे मला आजही उमगत नाही. गोल्फमध्ये मान मिळतो तो वर्षानुवर्षांच्या विजेत्यांच्या यादीमुळे, आणि इथे यादीत नाव एकच.

प्रतिसाद: असहमत
विजयाचे मोल यादीवर ठरते, की मैदानावर आणि प्रतिस्पर्ध्यावर? गोल्फ मैदानांचा रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी १९२६ साली येऊन गेला, त्यानंतर घडलेल्या या मैदानावर नुसता लांब फटका पुरत नाही; भोकाभोवतीची हिरवळ इतकी टणक आणि वेगवान असते की चेंडू कोणत्या बाजूने आणायचा, हे टी-वरच, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागीच, ठरवावे लागते. १९८७ साली म्युरफील्डच्या ब्रिटिश ओपनमध्ये एका फटक्याने मागे राहून संयुक्त दुसरा आलेला डेव्हिस इथे कपल्सला हरवतो, तेव्हा ती स्पर्धा पुढच्या वर्षी होणार की नाही, याने काय बिघडते?

प्रतिसाद: तिसरी बाजू
दोघेही निमित्ताला हात लावत नाही. २६ जानेवारी १७८८ रोजी आर्थर फिलिपचा ताफा सिडनीच्या खाडीत उतरला, त्याची ही द्विशताब्दी होती. त्याच दिवशी १९८८ साली सिडनीत आदिवासी आणि त्यांच्या समर्थकांचा हजारोंचा निषेध मोर्चा निघाला होता. जमीन हेच ज्या खेळाचे भांडवल, त्याने जमीन गेल्याची तारीख साजरी करावी, हे मला खटकते.

धागाकर्ता
हा आक्षेप माझ्या आक्षेपाहून गंभीर आहे, हे मान्य. मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त १९९७ साली क्रिकेटचा इंडिपेन्डन्स कप झाला. सईद अन्वरचे चेन्नईतील १९४ सर्वांना पाठ आहेत, पण करंडक श्रीलंकेने नेला, हे किती जणांना आठवते?

प्रतिसाद: असहमत
करंडक विसरला, खेळी राहिली. मग खेळ वाया गेला कसा? पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत त्या १९४च्या पुढे जायला सचिनला २०१० साल उजाडावे लागले.