लग्नाच्या सजावटीसाठी ४१२ छायाचित्रे जमवली, पण स्वतःची कल्पना एकही सुचत नाही

कोरीपाटी यांचा प्रश्न

नमस्कार. सहा महिन्यांनी माझे लग्न आहे. समारंभ फार मोठा नाही, साधारण १५० माणसे येतील. सोहळा संध्याकाळी पाचच्या सुमारास मोकळ्या हिरवळीवर सुरू होईल आणि रात्रीचे जेवण लगतच्या सभागृहात होईल. सजावटीचे मी स्वतः पाहीन, असे घरात मोठ्या उत्साहाने जाहीर केले आणि तेव्हापासून दोन महिने फोनवर छायाचित्रे साठवत बसले आहे. काल मोजली तेव्हा ती ४१२ भरली.

अडचण अशी की पहिली पन्नास पाहताना जो आनंद झाला तो शेवटच्या पन्नासांत उरला नाही, कारण आता सगळी छायाचित्रे एकाच लग्नातली वाटू लागली आहेत. तीच गोल कमान, तीच फिकट गुलाबी फुले, त्याच लोंबत्या दिव्यांच्या माळा. सजावटकारांकडे गेले, तर त्यांनी जाडजूड अल्बम पुढे सरकवून ‘यातले कोणते करायचे?’ एवढेच विचारले. होणाऱ्या नवऱ्याचे उत्तर ठरलेले आहे: ‘तुला आवडेल ते.’ त्याच्या मनात वाईट काही नाही, पण या उत्तराने काम एक पाऊलही पुढे सरकत नाही.

दुसऱ्यांची लग्ने पाहण्याखेरीज कल्पना सुचण्याचा काही मार्ग आहे का? आणि मुळात ‘थीम’ ठरवलीच पाहिजे का?

पडद्यामागची यांचे उत्तर

मी नाटकांचे नेपथ्य करते. लग्नाची सजावट आजवर दोनदाच केली आहे, तीही मैत्रिणींची. आमच्या कामातला एक नियम तुम्हाला उपयोगी पडेल असे वाटते. ज्या नाटकाचे नेपथ्य करायचे, त्याच्या आधीच्या प्रयोगांची छायाचित्रे स्वतःचा पहिला आराखडा कागदावर उतरेपर्यंत मी पाहत नाही. छायाचित्रात फक्त उत्तर दिसते. ते ज्या प्रश्नाचे उत्तर होते, म्हणजे जागा केवढी होती, छत किती उंच होते, उजेड कुठून येत होता, माणसे कशी होती, तो प्रश्न त्यात कुठेच दिसत नाही. त्यातच, तुम्ही एक चित्र जपून ठेवले की त्याच्यासारखी आणखी वीस पुढे आणायची, ही चित्रे साठवायच्या ॲपची रीतच असते. त्यामुळे ४१२ चित्रांत तुमची आवड कमी आणि पहिल्या दहा चित्रांचा प्रतिध्वनी जास्त असण्याची शक्यता आहे.

चित्रे पुसून टाकू नका, फक्त एक महिना उघडू नका. त्याऐवजी घरातली एखादी वस्तू शोधा. ‘समुद्र’, ‘वसंत’, ‘राजेशाही’ असे शब्द शोधू नका, कारण शब्दाबरोबर त्याची ठरीव चित्रे आपसूक येतात. हातात धरता येईल अशी, तुमच्या दोघांपैकी कोणाच्या तरी आयुष्यात खरोखर असलेली वस्तू हवी. मग ती टेबलावर ठेवून नीट पाहा. तिच्यातले रंग नेमके कोणते आणि किती प्रमाणात आहेत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, रेषा सरळ आहेत की वळणदार, भरगच्चपणा आहे की मोकळी जागा जास्त आहे, त्यावर अक्षरे असतील तर ती कोणत्या वळणाची आहेत, हे सगळे लिहून काढा. समजा, जुना नकाशा सापडला. नकाशा म्हटल्यावर प्रत्येक टेबलाला देशाचे नाव द्यायचे आणि होकायंत्रे मांडायची, हा झाला सोपा आणि सगळ्यांना सुचणारा मार्ग. पण घड्यांवर झिजलेला कागद, उंची दाखवणाऱ्या बारीक समोच्च रेषा, फिकट हिरव्यावर एखादीच ठसठशीत लाल रेघ, हे घेतले तर पाहुण्यांना नकाशा दिसणारही नाही आणि तरीही सगळे एका घरातले वाटेल.

वस्तू सापडेनाच, तर संग्रहालयांचे ऑनलाइन संग्रह चाळा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडील लाखो कलाकृतींची छायाचित्रे सर्वांना मुक्त वापरासाठी खुली केली आहेत, आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयातही तशी सोय आहे. प्रसिद्ध चित्रांपेक्षा कापडाचे तुकडे, भिंतीचे जुने कागद आणि फरश्या पाहाव्यात, असे मी सुचवीन. सतराव्या शतकातल्या डच आणि फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकारांची फुलदाणीची चित्रेही पाहा, पण ती फुलवाल्याला यादी म्हणून दाखवू नका. यान ब्रूगेलसारखे चित्रकार वेगवेगळ्या ऋतूंत उमलणारी फुले एकाच फुलदाणीत रंगवत, त्यामुळे तो गुच्छ प्रत्यक्षात एका दिवशी जमणेच शक्य नाही. त्यांच्याकडून प्रमाण मात्र शिकावे: बहुतेक चित्र अंधारात आणि मोजकीच फुले उजेडात.

तिरपेऊन यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. छायाचित्रकार या नात्याने त्यात उजेडाची भर घालतो, कारण तुमचा सोहळा संध्याकाळी आहे आणि नेमक्या त्या दोन तासांत रंग सर्वांत जास्त दगा देतात.

उजेड मंदावत गेला की आपल्या डोळ्यांची रंगांबद्दलची संवेदनशीलता बदलते. लाल रंग लवकर काळवंडतो आणि निळा, निळसर हिरवा त्या मानाने उजळ भासतो. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे बागेतल्या फुलांवरच टिपले होते, आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गडद लाल गुलाबांची कमान पाच वाजता देखणी दिसते. दिवे लागण्याआधीच्या अर्ध्या तासात मात्र ती काळी झुडपे होऊन जाते. हिरवळीवर पांढरे, फिकट पिवळे, निळे ठेवा आणि लाल, तपकिरी, मरून हे रंग सभागृहासाठी राखून ठेवा, कारण तिथे उजेड तुमच्या ताब्यात असतो.

सभागृहातले दिवे विचारपूर्वक निवडा. २७०० ते ३००० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे प्रकाशाचा रंग सांगणारे, दिव्यावर छापलेले माप) दिवा पिवळसर, ऊबदार असतो. ५५०० च्या आसपासचा दुपारच्या उन्हासारखा पांढरा. दोन्ही एकत्र लावले, तर निम्मे पाहुणे आजारी आणि निम्मे तापलेले दिसतात, आणि मग छायाचित्रकाराला बोल लागतो. (हा अनुभव आहे.) भिंतींवर निळा प्रकाश सोडण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्या प्रकाशात एक लाल फूल धरून पाहा: त्यात परत पाठवण्यासारखा लाल प्रकाशच नसल्यामुळे फूल काळे दिसते.

कापडाबाबत एक सवय लावून घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी जुळलेले दोन कपडे उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण रंगद्रव्ये वेगळी असली तरी एका विशिष्ट प्रकाशात ती सारखी भासतात. प्रत्येक कापडाचा वीतभर तुकडा मागून घ्या, तो प्रत्यक्ष जागेवर, समारंभाच्याच वेळी न्या आणि मगच मागणी द्या. तुकडे एकेकटे पाहू नका. पॅरिसच्या गोब्लँ या भिंतीवरची चित्रवस्त्रे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. त्यांनी शोध घेतला तेव्हा दोष रंगाईत नव्हता, शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा तसा भासत होता. यातूनच त्यांनी १८३९ मध्ये रंगांच्या परस्पर परिणामावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तुमच्या हिरवळीचा हिरवा हादेखील एक शेजारी रंग आहे, आणि तिथे तो सर्वांत मोठा आहे.

एकदाफसलेला यांचे उत्तर

थीम ठरवलीच पाहिजे का, या प्रश्नाला माझे उत्तर: नाही, आणि ठरवलीत तर ती कोणाला सांगू नका.

आमच्या लग्नात आम्ही ‘समुद्र’ ठरवला होता आणि तो सगळ्यांना सांगून बसलो. मग प्रत्येक जण मदतीला धावला. आमंत्रणपत्रिकेवर नांगर, टेबलांवर शिंपले, खुर्च्यांना मासेमारीचे जाळे, आणि एका आतेभावाने हौसेने आणलेले पाच फुटी लाकडी सुकाणू, जे नाही म्हणता न आल्यामुळे थेट प्रवेशद्वारी उभे राहिले. प्रत्येक वस्तू वेगळी पाहिली तर वाईट नव्हती, पण सगळ्या मिळून एखाद्या पर्यटनस्थळाच्या भेटवस्तूंच्या दुकानात शिरल्यासारखे वाटत होते. त्या दिवशीचे खरोखर सुंदर असे एकच आठवते: मधल्या लांब टेबलावर बायकोने नुसते निळसर राखाडी सुती कापड न इस्त्री करता अंथरले होते. त्याच्या चुण्या लाटांसारख्या दिसत होत्या, आणि तिथे एकही शिंपला नव्हता.

म्हणून एवढेच सुचवतो, की सगळे ठरल्यावर यादीतल्या एक तृतीयांश वस्तू काटून टाका आणि उरलेल्यांपैकी एकावरच पैसा व कष्ट ओता.

कोरीपाटी यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात वस्तू सापडली.

माझे वडील वनस्पतिशास्त्र शिकवत असत. त्यांनी विद्यार्थिदशेत केलेला वाळवलेल्या पानाफुलांचा संग्रह कपाटाच्या माथ्यावर होता. पडद्यामागची यांनी सांगितल्याप्रमाणे तो टेबलावर उघडून बसले. कागद पिवळट, कडांना अधिक गडद. पाने तपकिरीच्या निदान सात-आठ छटांत, मधूनच एखादे अजून धुरकट हिरवे. प्रत्येक फांदी कागदाच्या अरुंद पट्ट्यांनी जागच्या जागी धरलेली, एक तरी पान मुद्दाम उलटे लावलेले, म्हणजे त्याची मागची बाजूही दिसावी. खाली उजव्या कोपऱ्यात निळसर काळ्या शाईत नाव, ठिकाण, तारीख. बाकीचे पान पूर्ण मोकळे. इतकी मोकळी जागा माझ्या ४१२ छायाचित्रांपैकी एकातही नव्हती.

होणाऱ्या नवऱ्याने तो संग्रह पाहिला आणि पहिल्यांदाच स्वतःहून मत दिले: पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या तशाच असाव्यात, कोपऱ्यात, हाताने लिहिलेल्या. इथवर सगळे छान जमले. आता आई म्हणते की लग्नाच्या दिवशी वाळलेली पाने मांडलेली तिला बघवणार नाहीत, आणि तिरपेऊन यांचे उत्तर वाचल्यापासून मलाही भीती वाटते, की संध्याकाळी हिरवळीवर एवढा तपकिरी रंग मेल्यासारखा दिसेल. वस्तू तर सोडवत नाही. काय करावे?

पडद्यामागची यांचे उत्तर

आईंचे बरोबर आहे आणि तुमची भीतीही खरी आहे. पाने ठेवू नका, पानांचे ठसे ठेवा.

सायनोटाइप नावाची जुनी छपाई आहे. इंग्लंडचे जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली, आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲट्किन्स यांनी तिच्यात शेवाळांचे शेकडो ठसे घेतले, तेही अभ्यासासाठी, तुमच्या वडिलांच्या संग्रहासारखेच. पुढे बांधकामाचे निळे नकाशे निघत, तेही याच पद्धतीने. गडद निळ्या जमिनीवर पांढरे पान उमटते. निळा आणि पांढरा, म्हणजे तिरपेऊन यांनी संधिप्रकाशासाठी सुचवलेलेच रंग. हिरवळीवर लांब सुती पडद्यांवर हे ठसे घ्या; तपकिरी, कागदी छटा आणि शाईच्या चिठ्ठ्या आतल्या ऊबदार दिव्यांत ठेवा.

फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणे करून वापरण्याच्या वेळी ती एकत्र करायची, मंद पिवळ्या उजेडात कापडाला किंवा कागदाला लावायची आणि अंधारात वाळवायची. हातमोजे घाला, आणि द्रावणाजवळ तीव्र आम्ल आणू नका. मग वर पान ठेवून काचेने दाबून उन्हात धरा. कडक उन्हात दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ होतात, तरी आधी तुकड्यावर वेळ पडताळून पाहा. पान काचेखाली सपाट बसले तर कड रेखीव येते, उचललेले राहिले तर धूसर. नंतर साध्या पाण्यात पिवळेपणा निघून जाईपर्यंत धुवा. ओला ठसा फिका दिसला तरी घाबरू नका, वाळताना एका दिवसात तो गडद होतो. ठसे धुण्याच्या सोड्याने किंवा साबणाने धुऊ नका, अशा अल्कधर्मी पदार्थांनी हा निळा रंग उडतो. आमंत्रणपत्रिकेसाठी एकच चांगला ठसा काढून तो छापखान्यात द्या. दीडशे पत्रिका उन्हात काढत बसू नका.

वडिलांच्या वहीतली पाने मात्र काढू नका, ती ठिसूळ झालेली असणार. तीच झाडे जिथे मिळतील तिथून ताजी पाने आणा आणि टिपकागदात घालून जड पुस्तकांखाली आजच दाबून ठेवा. रोज टिपकागद बदललात तर दोनेक आठवड्यांत तयार होतील, आणि एखादे पान उलटे लावायला विसरू नका.