एसडब्ल्यूआर सुधारला, पण दोन मीटर बँडवरची पोच घटली

प्रश्न (हर्णै)
नमस्कार. माझ्या हौशी (हॅम) रेडिओसाठी आमच्या गच्चीवर नऊ मीटर उंचीवर तांब्याच्या नळीचा, इंग्रजी J च्या आकाराचा जे-पोल अँटेना आहे आणि तेथून खोलीपर्यंत २० मीटर आरजी-२१३ ही कोॲक्शियल केबल येते. मे महिन्यापर्यंत दापोलीच्या मित्राशी १४५ मेगाहर्ट्झवर (दोन मीटर बँड) २५ वॅटने स्वच्छ बोलणे होई. आता दसरा उलटला तरी त्याला माझा आवाज खरखरीतून कसाबसा ऐकू येतो आणि ४३५ मेगाहर्ट्झवर तर काहीच पोहोचत नाही. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या लहरीचे मोजमाप; १ च्या जितका जवळ तितका चांगला) मात्र १.६ वरून १.१ वर आला आहे. वाडीतल्या माड-पोफळींचा हा परिणाम असेल काय?

उत्तर (मालवण)
एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला, म्हणूनच मला केबलचा संशय येतो. अँटेनापर्यंत जाणारी शक्ती वाटेत जिरते आणि तेथून परतणारीही येताना पुन्हा जिरते, त्यामुळे मीटरपाशी परतीची लहर फार थोडी उरते आणि आकडा उत्तम दिसतो. अँटेना मात्र होता तसाच असतो. केबलमध्ये पाणी शिरले की नेमके हेच घडते. अँटेना सोडून केबलचे वरचे टोक मोकळे ठेवा आणि खालून ॲनालायझरने (अँटेना-केबल तपासण्याच्या यंत्राने) १४५ वर एसडब्ल्यूआर मोजा. मोकळ्या टोकावरून सगळी लहर परतते, म्हणून कोरड्या २० मीटर आरजी-२१३ वर आकडा ५ च्या आसपास यायला हवा.

उत्तर (गुहागर)
ओली झावळी ४३५ वर सिग्नल शोषते हे खरे, परंतु चार महिन्यांत तिच्यामुळे एवढा फरक पडत नाही. आधी केबल तपासावी.

प्रश्नकर्ता
मोकळ्या टोकाने आकडा १.३ आला. वरचा कनेक्टर कापला, तेव्हा आतली तांब्याची जाळी हिरवी-काळी पडलेली होती आणि वीतभर आतपर्यंत ओल होती.

उत्तर (मालवण)
म्हणजे केबलमधून एकदा वर जाताना जवळपास ९ डेसिबल जात होते; २५ वॅटपैकी अँटेनापाशी जेमतेम ३ वॅट पोहोचत होते आणि ४३५ वर त्याहूनही कमी. ही केबल वाळवत बसू नका. जाळीतून पाणी दूरवर झिरपते आणि खाऱ्या हवेत गंजलेले तांबे पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून सगळी केबल बदला. पीएल-२५९ हा नेहमीचा कनेक्टर जलरोधक नसतो. वरच्या टोकाला एन-टाइप कनेक्टर बसवा. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि त्यावर साधी विजेची टेप खालून वर न्या, म्हणजे कौलांप्रमाणे प्रत्येक वेढा खालच्यावर चढेल आणि पाणी बाहेरच ओघळेल. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पागोळी तेथेच गळून पडेल. नवी केबल जोडण्यापूर्वी मोकळ्या टोकाचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि दरवर्षी आगोटीच्या कामांत व पुन्हा दसऱ्यानंतर तो ताडून पाहा.